मांजराला काय लागतं आणि पाकिटात काय असतं

वाटी चाटूनपुसून साफ झाली म्हणजे खाणं चांगलं, अशी मांजर पाळणाऱ्या बहुतेकांची कसोटी असते. ती प्रेमापोटी आलेली आहे, पण तिच्यावरून खाण्याचा दर्जा कळत नाही. ड्राय फूडचे दाणे यंत्रातून शिजून, वाळून बाहेर पडले की त्यांच्यावर चरबीचा आणि ‘डायजेस्ट’ नावाच्या द्रावाचा फवारा मारतात. यकृतासारखे प्राण्यांचे अवयव एन्झाइम घालून अर्धवट पचवले की हा द्राव तयार होतो. मांजरांना आवडतात म्हणून पायरोफॉस्फेट जातीचे क्षारही त्या लेपात मिसळतात. यात गैर काही नाही, पण मांजर ज्या वासावर तुटून पडतं तो दाण्याच्या वरच्या लेपाचा असतो. आतल्या दाण्यात काय आहे आणि किती आहे, हे त्याच्या नाकाजिभेला सांगता येत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

बघायचं काय, हे समजायला आधी मांजराचं शरीर समजून घेतलं पाहिजे. मांस कुत्राही खातो आणि माणूसही खातो. मांजराचं वेगळेपण असं की प्राणिज अन्नातली काही द्रव्यं मिळाली नाहीत तर त्याचं शरीर चालूच शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या केवळ शिकारीवर जगताना जे भक्ष्यातून आयतं मिळत होतं, ते घरी बनवण्याची सोय त्याच्या शरीरात क्षीण झाली किंवा बंदच पडली. आपण गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही, त्याला तयार अ जीवनसत्त्वच लागतं. ड जीवनसत्त्व उन्हात बसून पुरेसं तयार होत नाही, तेही अन्नातूनच यावं लागतं. नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाचं तसंच, अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल या मेदाम्लाचंही तसंच. गोड चवही मांजराला कळत नाही. गोडाची जाणीव करून देणाऱ्या ग्राहीचा अर्धा भाग ज्या जनुकावरून बनतो, ते जनुक मांजरांत मोडकं आहे, हे अमेरिकेतल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं.

आर्जिनिन या अमिनो आम्लाची गोष्ट तर थरकाप उडवणारी आहे. मांजराच्या यकृतात प्रथिनं फोडणारी एन्झाइम सतत जोरात चालू असतात. अन्नात प्रथिनं कमी असली तरी त्यांचा वेग फारसा उतरत नाही. प्रथिनं फुटली की विषारी अमोनिया तयार होतो आणि त्याचा युरिया करून बाहेर टाकायला आर्जिनिन लागतं. आर्जिनिन वगळून मुद्दाम तयार केलेलं अन्न एकदाच दिलं, तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया साठून उलट्या, लाळ, झटके सुरू होतात, हे १९७८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. मांसात आर्जिनिन भरपूर असतं, त्यामुळे व्यवहारात ही वेळ सहसा येत नाही. पण मांजराच्या शरीराला चूक झाकायला किती कमी वाव आहे, ते यावरून दिसतं.

सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते टॉरीन. मांजर हे द्रव्य स्वतः फारच थोडं बनवू शकतं, आणि पित्तरसासाठी ते रोज खर्चही करतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजत जातो आणि मांजर आंधळं होतं, हे १९७५ पासून माहीत होतं. त्यानंतर कॅट फूडमध्ये किती टॉरीन असावं याचे आकडे ठरले आणि प्रश्न सुटला असं वाटलं. पण हृदयाचे स्नायू फुगून पातळ होण्याचा एक आजार पाळीव मांजरांत दिसतच होता आणि तो झाला की मांजर हातचं गेलं असंच धरत. १९८७ मध्ये डेव्हिसच्याच पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी अशा मांजरांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात टॉरीन अगदी कमी निघालं. ही मांजरं उपाशी नव्हती. त्या काळच्या निकषांत बसणारं तयार खाद्यच ती खात होती. टॉरीन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारू लागली.

मग कागदावर पुरेसं असलेलं टॉरीन गेलं कुठे? डबाबंद खाद्य उच्च तापमानाला शिजवतात. त्या प्रक्रियेत काही प्रथिनं पचायला जड होतात, ती आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य पुरवतात आणि वाढलेले जिवाणू टॉरीनचाही फडशा पाडतात. म्हणून आज अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संस्थेच्या निकषांत, ओलावा वगळून मोजलं तर ड्राय फूडसाठी किमान ०.१ टक्के टॉरीन आणि डबाबंद खाद्यासाठी त्याच्या दुप्पट, ०.२ टक्के, अशी अट आहे. कंपन्यांनी टॉरीन वाढवलं आणि तो आजार दुर्मीळ झाला. कुत्र्यांचं शरीर सहसा टॉरीन स्वतः बनवतं, त्यामुळे त्यांच्या खाद्यात ते घालण्याचं बंधन नाही. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर मांजराला रोज कुत्र्याच्या वाटीवर सोडू नये ते याचसाठी.

दर्जाचा अर्थ मला इथेच सापडतो. पाकिटात काय घातलं यापेक्षा मांजराच्या शरीरात काय आणि किती पोचलं, याला महत्त्व आहे. ताज्या चिकनचा फोटो, ‘प्रीमियम’, ‘नैसर्गिक’, ‘हॉलिस्टिक’ असे शब्द त्याबद्दल काहीच सांगत नाहीत. पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरांतलं एक वाक्य शोधा: हे खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे, आणि कोणत्या वयाच्या मांजरासाठी. हे वाक्य नसेल किंवा ‘पूरक खाद्य’ असं लिहिलं असेल, तर ते खाऊ म्हणून द्यायचं, रोजचं जेवण म्हणून नाही. चकचकीत पाऊचमधले कितीतरी नुसते मांसाचे किंवा माशाचे तुकडे याच पूरक प्रकारात मोडतात आणि लोक नकळत त्यांच्यावरच मांजर वाढवतात. पिल्लाला आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मांजरीला वाढीसाठीचं खाद्य लागतं. आफ्कोच्या निकषांत प्रौढ मांजरासाठी प्रथिनांचं किमान प्रमाण २६ टक्के आहे, तर वाढीसाठी ३० टक्के. हेही ओलावा वगळूनच.

‘ओलावा वगळून’ हे शब्द पुन्हा आले, कारण तुलना करताना इथेच हमखास गफलत होते. समजा, ड्राय फूडच्या पाकिटावर प्रथिनं ३२ टक्के आणि वेट फूडच्या डब्यावर १० टक्के लिहिलंय. पहिलं सरस वाटतं. पण ड्राय फूडमध्ये पाणी १० टक्के असेल तर कोरडा भाग उरतो ९०, आणि ३२ भागिले ९० म्हणजे साधारण ३६ टक्के. वेट फूडमध्ये पाणी ८० टक्के असेल तर कोरडा भाग फक्त २०, आणि १० भागिले २० म्हणजे ५० टक्के. डबाच पुढे निघाला. कर्बोदकं पाकिटावर बहुधा छापत नाहीत, पण तीही काढता येतात. १०० मधून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, राख (म्हणजे खनिजांचा अंश) आणि पाणी वजा केलं की उरतात ती कर्बोदकं. राखेचा आकडा दिला नसेल तर ड्राय फूडसाठी ७ आणि वेटसाठी २ धरा. पाकिटावरचे आकडे ‘किमान’ आणि ‘कमाल’ असे असतात, तेव्हा हे उत्तर अंदाजाचंच, तरी दोन पाकिटांत निवड करायला पुरेसं.

मांजराला स्वतःला काय हवं असतं, हेही तपासलं गेलं आहे. वेगवेगळ्या मिश्रणांचं खाणं समोर ठेवून मांजरांना हवं तसं खाऊ दिलं, तर सुमारे ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ३६ टक्के स्निग्धांशातून आणि १२ टक्के कर्बोदकांतून यावी अशी निवड ती करतात, असं २०११ च्या एका प्रयोगात आढळलं. मोकाट मांजरांच्या शिकारीचा हिशेब मांडणाऱ्या दुसऱ्या अभ्यासातही प्रथिनांचा वाटा ५२ टक्केच निघाला. कर्बोदकं मात्र तिथे जेमतेम २ टक्के होती. पण तेवढ्यावरून कर्बोदकं विष ठरत नाहीत. शिजवलेला स्टार्च मांजर बऱ्यापैकी पचवतं, आणि दाण्याला आकार यायला यंत्रात थोडा स्टार्च लागतोच. पण भर प्रथिनांवर असावा, हे नक्की.

आता घटकांच्या यादीकडे या. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते आणि वजन पाण्यासकट धरतात. ताज्या मांसात जवळजवळ ७० टक्के पाणीच असतं. त्यामुळे यादीत चिकन पहिलं असूनही दाणा वाळल्यावर त्याचा वाटा चौथ्या-पाचव्या क्रमांकावर घसरू शकतो. उलट ‘चिकन मील’ हे आधीच कोरडं केलेलं असतं, नावानं रुक्ष वाटलं तरी प्रथिनं दाट. ‘उपउत्पादन’ या शब्दाला लोक विनाकारण घाबरतात. यकृत, हृदय, मूत्रपिंड त्यातच येतात आणि उंदीर पकडणारं मांजर तेच आवडीनं खातं. ‘धान्यविरहित’ या शब्दावर माझा अजिबात विश्वास नाही. गहू-मका काढून बटाटा किंवा वाटाणा घातला की धान्य जातं, स्टार्च राहतो.

प्रथिनांचा छापील आकडासुद्धा डोळे मिटून घेण्यासारखा नाही. प्रयोगशाळेत मोजतात तो नायट्रोजन, आणि त्याला ६.२५ नं गुणून जे येतं ते ‘प्रथिनं’ म्हणून छापतात. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत याचा फार मोठा घात झाला. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन मिसळलेलं होतं. या रसायनाच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असल्यामुळे चाचणीत प्रथिनं फुगून दिसत होती. त्याच्यासोबत सायन्युरिक आम्लही होतं. दोन्ही मिळून मूत्रपिंडात स्फटिक झाले आणि कितीतरी मांजरं आणि कुत्री मेली. प्रचंड प्रमाणावर खाद्य बाजारातून परत घ्यावं लागलं. म्हणून कंपनीला प्रश्न विचारायला संकोचू नका. सूत्र कोण बनवतं, तो माणूस प्राणिपोषणात शिकलेला आहे का, कारखाना स्वतःचा आहे का, कच्च्या आणि तयार मालात काय काय तपासतात, १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती. जी कंपनी सरळ उत्तर देत नाही, तिचं खाद्य मी मांजराला घालणार नाही.

पाण्याचा मुद्दा दर्जाच्या चर्चेत मागे पडतो, पण तो फार मोलाचा आहे. आपलं मांजर रुक्ष प्रदेशात राहणाऱ्या रानमांजराच्या वंशातलं. त्याला तहान कमी लागते, लघवी ते खूप दाट करू शकतं आणि पाण्याची बरीचशी गरज शिकारीतून भागवतं. उंदराच्या शरीरात पाणी ७० टक्क्यांच्या आसपास, वेट फूडमध्ये ७५ ते ८०, आणि ड्राय फूडमध्ये फक्त ८ ते १०. ड्राय फूड खाणारं मांजर वरून पाणी जास्त पितं, पण एकूण हिशेब केला तर वेट फूड खाणाऱ्याच्या पोटात जास्त पाणी जातं आणि त्याची लघवी पातळ राहते. मूतखड्याचा त्रास झालेल्या मांजरांसाठी पशुवैद्य वेट फूड सुचवतात ते यामुळेच. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. बोका वारंवार बसून कण्हतोय आणि थेंबभरही लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. परवडत असेल तर दिवसातलं निदान एक जेवण वेट फूडचं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी शिजवून घालावं असं अनेकांना मनापासून वाटतं. पण नुसत्या मांसात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस भरपूर असतो. त्यावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. यकृत रोज घातलं तर अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके जखडतात. काही जातींच्या कच्च्या माशांतलं थायमिनेज हे एन्झाइम ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. २०१९ मध्ये डेव्हिसच्या संशोधकांनी पुस्तकांत आणि इंटरनेटवर दिलेल्या शंभराहून अधिक पाककृती तपासल्या, त्यांतली एकही मांजराच्या सगळ्या गरजा भागवत नव्हती. घरचंच घालायचं असेल तर प्राणिपोषणातल्या तज्ज्ञाकडून पाककृती घ्या आणि त्यातला एकही घटक मनानं बदलू नका. कच्च्या मांसाबद्दल मी ठाम नकारच देईन. साल्मोनेलाचा धोका आहेच, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कच्चं खाद्य खाल्लेलं एक घरमांजर बर्ड फ्लूनं मेलं. खाद्यातला आणि मांजरातला विषाणू जनुकीय तपासणीत एकच निघाला. कांदा-लसूण तर शिजवूनही नको, त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

उत्तम खाद्यसुद्धा जास्त झालं तर नुकसानच करतं. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात. बऱ्याच ड्राय फूडच्या बाबतीत ही ५० ते ६५ ग्रॅमची गोष्ट आहे. अंदाजानं ओतण्याऐवजी काट्यावर मोजा.

नवं खाद्य ठरलं की ते एकदम बदलू नका. पहिल्या दिवशी जुन्यात थोडं नवं, आणि सात ते दहा दिवसांत हळूहळू प्रमाण उलटं. वेट फूड फ्रीजमधून काढून थेट वाढलं तर पुष्कळ मांजरं तोंड फिरवतात, तेव्हा ते कोमट करून द्या. तरीही खाल्लं नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून अडून बसू नका. खाणं तुटलं की मांजराचं शरीर चरबी सोडू लागतं, ती यकृतात साठते आणि काही दिवसांतच यकृत निकामी होऊ शकतं. जाड मांजरांना हा धोका सर्वाधिक असतो. एक दिवस पूर्ण उपास पडला तर जुनं खाणं परत द्या, आणि तेही नाकारलं तर पशुवैद्याकडे न्या.