सीडीएन आणि अ‍ॅडॅप्टिव्ह बिटरेट: व्हिडिओ अडकतो तेव्हा दोष कुठे शोधायचा?

समजा, केळीवरच्या सीएमव्ही रोगाची माहिती देणारा व्हिडिओ एखाद्या संस्थेनं स्वतःच्या वेबसाइटवर टाकला. जळगावात तो झकास चालतो. धडगावहून मात्र फोन येतो, "भाऊ, नुसती चकरी फिरी ऱ्हायनी." मग कोणीतरी सुचवतं, सीडीएन घ्या. सीडीएन घेतलं जातं, पैसे जातात आणि धडगावची चकरी फिरतच राहते. इथे गरज वेगळ्याच गोष्टीची होती.

सीडीएन, म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, अंतर आणि गर्दी सांभाळतं. मूळ सर्व्हरवरच्या फाइलच्या प्रती ठिकठिकाणी ठेवायच्या आणि मागणी आली की जवळच्या प्रतीतून माल द्यायचा, एवढंच त्याचं काम. एमआयटीतले टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ साली याच कामासाठी अकामाई ही कंपनी काढली. नेटफ्लिक्स तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातच आपले सर्व्हर बसवते.

पण अंतराचा हिशोब करून बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते जळगाव अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंद. सर्व्हर अमेरिकेत असेल तर हाच फेरा दोनशेच्या पुढे जातो, तिथे सीडीएनचा फायदा लगेच जाणवतो. सर्व्हर मुंबईतच असेल आणि बघणारे मोजके असतील, तर खान्देशातल्या माणसाला फरक कळणारही नाही. त्याची अडचण शेवटच्या टप्प्यात असते: टॉवर ते मोबाइल.

हा टप्पा अ‍ॅडॅप्टिव्ह बिटरेट, म्हणजे मिळणाऱ्या वेगाप्रमाणे व्हिडिओ हलका-भारी करण्याची पद्धत, सांभाळतं. एकाच व्हिडिओच्या २४०, ३६०, ७२०, १०८० अशा हलक्या-भारी आवृत्त्या करतात, प्रत्येकीचे चार-सहा सेकंदांचे तुकडे पाडतात आणि कोणता तुकडा कुठे आहे याची एक यादी ठेवतात. मोबाइलमधला प्लेअर ती यादी वाचतो. मागचा तुकडा किती वेगानं आला आणि हाताशी किती सेकंदांचा साठा आहे हे बघून तो पुढचा तुकडा कुठल्या आवृत्तीतला मागायचा ते ठरवतो. अ‍ॅपलनं २००९ साली आणलेली एचएलएस आणि २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेली डॅश, दोन्ही पद्धती अशाच चालतात. या निर्णयासाठी मशीन लर्निंगही वापरून पाहिलं गेलंय; एमआयटीचं २०१७ सालचं 'पेन्सिव्ह' हे त्याचं गाजलेलं उदाहरण.

आता धडगावचा फोन घ्या. सातपुड्यातल्या त्या पाड्यावर वेग मिळतोय एक एमबीपीएस, म्हणजे हजार केबीपीएस (सेकंदाला किती डेटा येतो त्याचं हे माप). व्हिडिओची एकच भारी फाइल आहे, पाच एमबीपीएसची. म्हणजे चार सेकंदांचं चित्र यायला वीस सेकंद लागणार. ती फाइल जळगावच्या सर्व्हरवर आणून ठेवली तरी वीसच. हेच चार सेकंद ४०० केबीपीएसच्या आवृत्तीत दीड-पावणेदोन सेकंदांत येतात. चित्र थोडं धुरकट दिसेल, पण शेतकऱ्याला सल्ला शेवटपर्यंत ऐकता येईल. म्हणून गावाकडच्या प्रेक्षकांसाठी व्हिडिओ करणाऱ्यांनी आधी हलक्या आवृत्त्या कराव्यात आणि सीडीएनचा विचार नंतर करावा, असं माझं ठाम मत आहे. पानावरचे डाग दाखवायचे असतील तर कॅमेरा पानाजवळ न्यावा, म्हणजे हलक्या आवृत्तीतही ते ओळखू येतील.

गोंधळ होतो तो दोन्हीकडे निवड आपोआप होते म्हणून. माल कुठून द्यायचा ते सीडीएन ठरवतं, किती जड घ्यायचा ते प्लेअर ठरवतो. शिवाय दोघांची जोडीही छान जमते. ते तुकडे म्हणजे साध्या फाइलीच असल्यामुळे सीडीएनला त्यांच्या प्रती ठेवणं सोपं जातं.

दोष शोधायचा तर क्वालिटी हातानं २४० वर आणा. व्हिडिओ सुरळीत चालला तर वेग कमी पडत होता. तरीही अडकला आणि त्याच वेळी दुसरीकडचे व्हिडिओ नीट चालत असतील, तर सर्व्हरच्या बाजूला बघा. यूट्यूबवर कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की 'बफर हेल्थ' दिसतं, म्हणजे हाताशी किती सेकंदांचा साठा आहे ते. तो आकडा शून्याकडे घसरायला लागला की चकरी येणार हे आधीच कळतं.

लाइव्ह प्रक्षेपणात मात्र सीडीएनला पर्याय नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. इतक्यांना एका ठिकाणाहून पुरवणं अशक्यच. गावच्या कानबाईच्या मिरवणुकीचं लाइव्ह स्वतःच्या वेबसाइटवरून करायचं असेल आणि सुरत-पुण्याचे नातेवाईक एकदम जोडले जाणार असतील, तर छोट्या सर्व्हरचीही तीच गत होते. तिथे सीडीएन जरूर घ्या. एचएलएसचा प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून चालतो. तुकडा सहा सेकंदांचा असेल तर सुरतेला मिरवणूक अठरा-वीस सेकंद उशिरा दिसेल. दोन सेकंदांचे तुकडे केले तर उशीर घटतो, पण साठाही घटतो आणि कमजोर सिग्नलवाले आधी अडकतात. कानबाईसाठी मी सहाच ठेवीन.