‘प्रयोगशाळा’: रेक्याविकमध्ये अडलेला शब्द आणि त्यामागचं दफ्तर

११ आणि १२ ऑक्टोबर १९८६ रोजी आइसलंडमधल्या रेक्याविकच्या होफ्दी हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह अण्वस्त्रकपातीवर बोलायला चार वेळा बसले आणि शेवटी बोलणी ‘प्रयोगशाळा’ या शब्दावर फिसकटली. अवकाशातल्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या घटकांची चाचणी दहा वर्षं प्रयोगशाळेबाहेर नको, असा सोव्हिएत आग्रह होता. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या १९७२च्या दोन्ही देशांमधल्या करारात (एबीएम करार) जेवढं बसतं तेवढं आम्ही करू, असं अमेरिकेचं म्हणणं होतं. पण त्या करारात प्रयोगशाळा हा शब्दच नाही. तो शोधायला करारामागच्या कागदांत शिरावं लागतं.

कराराच्या पाचव्या कलमात समुद्र, हवा, अवकाश आणि फिरत्या जमिनी तळांवरच्या यंत्रणांना मनाई आहे. इंग्रजीत क्रियापद ‘डेव्हलप’, रशियनमध्ये ‘सोज्दावात्’, म्हणजे निर्माण करणं. दोन्ही मसुदे सारखेच अधिकृत. ‘डेव्हलप’ कागदावरच्या आराखड्यापासून सुरू झालं असं म्हणता येतं. ‘सोज्दावात्’मध्ये वस्तू घडवणं येतं. १९७२मध्येच अमेरिकी शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी सिनेटला लेखी खुलासा दिला होता: बंदी लागू होते ती प्रयोगशाळेतलं काम संपून नमुन्याची मैदानी चाचणी सुरू झाली की. कारण व्यवहाराचं होतं. भिंतीआड चाललेलं काम दुसऱ्या पक्षाच्या उपग्रहांना दिसत नाही, मग पाळलं की मोडलं ते तपासणार कसं?

ऑक्टोबर १९८५मध्ये वॉशिंग्टनने नवा अर्थ काढला: लेझरसारख्या ‘इतर भौतिक तत्त्वां’वरच्या यंत्रणांच्या विकासाला आणि चाचणीला ही बंदी लागूच नाही. आधार म्हणून वाटाघाटींचं गोपनीय दफ्तर पुढे केलं गेलं. सिनेटने ते मागवून घेतलं, आणि १९८७मध्ये एका समितीच्या अध्यक्षांनी कागद वाचून जुना, अरुंद अर्थच टिकतो असं सांगितलं. १९९३मध्ये सरकारही त्याच अर्थावर परतलं. वरचा १९७२चा खुलासा समोर असताना दुसरा निष्कर्ष निघणं कठीणच होतं.

रेक्याविकचे कागद वाचताना एकाच बाजूची प्रत धरू नये. अमेरिकी इतिवृत्त बैठकीतल्या टिपणांवरून नंतर लिहिलेलं आहे, शब्दशः नाही. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेली सोव्हिएत प्रत संवादाच्या स्वरूपात आहे. दुभाष्याच्या इंग्रजीतून अमेरिकी प्रतीत गेलेलं वाक्य आणि सोव्हिएत प्रतीचा आजचा इंग्रजी अनुवाद शब्दाला शब्द जुळत नाहीत. जुळवायचं ते सत्र, वेळ आणि प्रस्तावाचा मजकूर. तिथेही घोळ होतो. शेवटच्या सत्रात, दहा वर्षांच्या कपातीतल्या दुसऱ्या पाच वर्षांत काय नष्ट करायचं याबद्दल, अमेरिकी मसुदा ‘आक्रमक बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं’ म्हणतो, सोव्हिएत मसुदा ‘सामरिक आक्रमक शस्त्रं’. पहिल्यात बॉम्बर विमानं आणि क्रूझ क्षेपणास्त्रं सुटतात.

रात्रभर चाललेल्या तज्ज्ञगटाचे कागद मात्र बरेच जण वगळतात. ६,००० शस्त्रं आणि ती वाहून नेणारी १,६०० क्षेपणास्त्रं व बॉम्बर विमानं हे आकडे तिथे ठरले, आणि सामरिक शस्त्रं कमी करणाऱ्या ३१ जुलै १९९१च्या स्टार्ट करारात तेच आले.

कागदांत कोऱ्या जागाही भेटतात. अमेरिकेत २५ वर्षांनी गोपनीयता आपोआप उठते, पण १९५४च्या अणुकायद्याखालच्या शस्त्ररचनेच्या माहितीला तो नियम लागू नाही. म्हणून वेगवेगळ्या वर्षी खुल्या झालेल्या प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत झाकलेली ओळ दुसरीत सापडू शकते.

जून २००२मध्ये अमेरिका १९७२च्या करारातून बाहेर पडली. दुसऱ्याच दिवशी रशियाने दुसरा स्टार्ट करार आपल्याला बांधील नाही असं जाहीर केलं.