फळ्याकडे वळून सोडलेला श्वास

गेल्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती : ‘रोज एक चमचा पावडर, कॉर्टिसॉल शरीराबाहेर!’ कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक. ती जाहिरात वाचून मला राहवलं नाही.

मी रात्रशाळेत नववीला विज्ञान शिकवते. पहिल्या बाकावर कुरिअरचं काम करणारा सतरा वर्षांचा मुलगा, मागे दिवसभर चार घरची भांडी घासून आलेली ताई, आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठे वायरमन काका. मध्यंतरी ओहमचा नियम (तारेतला विद्युतप्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तिचा रोध बदलत नाही) शिकवत होते, तर काका उठून म्हणाले, “मॅडम, पंधरा वर्षं वायरिंग केलंय मी. बल्बला हे लागू पडत नाही.” सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माझी कानशिलं तापली, तळहात गार पडले आणि आवाज चढला.

काका तर शांतपणे बोलले होते. मग शरीर असं का पेटून उठतं?

1993 साली जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात ताण मोजायची एक चाचणी तयार झाली. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायचं, मग पाच मिनिटं तोंडी वजाबाक्या करायच्या. एवढ्यानंही बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल वाढतं. 2004 मध्ये ताणावरच्या 208 प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. लोक आपल्याला जोखत असतील आणि परिस्थिती आपल्या हातात नसेल, तर कॉर्टिसॉल सर्वांत जास्त चढतं, असं त्यात दिसलं. मोठ्या माणसांच्या वर्गात या दोन्ही गोष्टी रोजच्याच. आयुष्य पाहिलेला माणूस तुमचं प्रत्येक वाक्य स्वतःच्या अनुभवाशी ताडून बघतो.

कॉर्टिसॉलचा कळस प्रसंग सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी येतो. म्हणजे शाळा सुटताना झालेला वाद लोकलमध्ये बसल्यावर जास्त छळतो. पण कॉर्टिसॉल विष नाही. ते शरीरात पुरेसं तयार झालं नाही, तर ॲडिसनचा आजार होतो आणि उपचार न मिळाल्यास जीवावर बेततं. ते ‘बाहेर काढणारी’ पावडर विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

हाताशी खरा उपाय आहे तो हृदयाच्या ब्रेकचा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका ठोक्यांची गती ठरवतो. त्याला एकटं सोडलं तर तो मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. बसल्या जागी आपली नाडी सत्तरच्या आसपास लागते, कारण मेंदूकडून येणारा व्हेगस हा मज्जातंतू सतत ब्रेक दाबून असतो. 1921 मध्ये शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला, त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! त्या द्रवातलं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. ते पुंजक्यातल्या पेशींची पोटॅशियमची दारं उघडतं, धन प्रभार बाहेर पडतो, पेशी आतून अधिक ऋण होते आणि पुढच्या ठिणगीला उशीर लागतो. ॲसिटिलकोलिन लगेच मोडतं, म्हणून हा ब्रेक ठोक्यागणिक बदलू शकतो. श्वास घेताना तो सैल पडतो, सोडताना पुन्हा लागतो. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या आणि सोडा, बऱ्याच जणांना हा फरक बोटाला कळतो.

‘दीर्घ श्वास घ्या’ असं सगळे सांगतात. भर हवा तो सोडण्यावर. वर्गात मी फळ्याकडे वळते, संथपणे तारीख लिहिते आणि तेवढ्यात घेतल्याच्या दुप्पट वेळ श्वास सोडते. दोन-तीन श्वासांत आवाज खाली येतो. कॉर्टिसॉल मात्र आपल्या वेळेनंच उतरतं, म्हणून वादाचा निकाल मी त्या रात्री लावत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांना फळ्यापाशी बोलावलं. त्यांनी पिशवीतून मीटर काढला आणि 100 वॉटच्या जुन्या, तारेच्या बल्बला लावला. रोध चाळीस ओहमच्याही आत. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट या सूत्रानं मात्र 230 व्होल्टला 529 ओहम यायला हवा. थंड तारेचा रोध कमी असतो, पेटल्यावर ती तापते आणि तो दहापटीहून जास्त वाढतो. ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ हे नियमातले शब्द मी आदल्या दिवशी घाईत वाचून टाकले होते. काकांनी ते फळ्यावर लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.