तळहातावर वितळणारी चरबी

ओसाकात राहायला आल्यावर पहिल्यांदा वाग्यू, म्हणजे जपानी गोमांस, घरी आणलं, तेव्हा सवयीने तव्यावर चमचाभर तेल सोडलं आणि चहा ओतायला वळलो. परत बघतो तर तुकडा आक्रसलेला, भोवती चरबीचं तळं आणि धुराच्या अलार्मची बोंब. ज्याचे पैसे मोजले होते ते सगळं तुकड्यातून तव्यात उतरलं होतं. (महाराष्ट्रात 2015 पासून गाय-बैलाच्या मांसावर बंदी आहे, त्यामुळे हा प्रयोग इकडचाच.)

वाग्यू या शब्दाचा अर्थच जपानी गुरं. त्यांच्या चार जाती आहेत, पण बाजारात बहुतेक मांस काळ्या जातीचं असतं. नाव गाजलेलं कोबे बीफ ह्योगो प्रांतातल्या ताजिमा वंशाचं. या मांसातली चरबी नुसती कडेला पट्ट्यासारखी नसते. स्नायूंच्या जुड्यांमधल्या पातळ पडद्यांत चरबीच्या पेशी भरत जातात आणि लाल मांसावर पांढरी नक्षी उमटते. जपानीत तिला ‘शिमोफुरी’ म्हणतात, म्हणजे दहिवर पडल्यासारखी. नक्षीला 1 ते 12 गुण देतात. ‘ए-5’ या सर्वोच्च प्रतीसाठी किमान 8 लागतात. गुरांना बिअर पाजतात, मालिश करतात, या गोष्टी पर्यटकांना फार आवडतात, पण नक्षी येते ती वंशातून, धान्याच्या खुराकातून आणि सुमारे अडीच वर्षांच्या सावकाश सांभाळातून.

या चरबीचा तुकडा तळहातावर ठेवला तर थोड्या वेळात चकाकायला लागतो. तुपाची कणी हातावर विरघळते, तसाच. याचं कारण मेदाम्लांच्या, म्हणजे चरबी ज्यांची बनते त्या लांब साखळ्यांच्या, आकारात आहे. स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल, दोन्हींत कार्बनचे 18 अणू. स्टिअरिकची साखळी सरळ, काडेपेटीतल्या काड्यांसारखी एकमेकींना खेटून बसणारी, म्हणून ते 69 अंश सेल्सिअसला वितळतं. ओलेइकमध्ये एक दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी वाकते. वाकड्या काड्या नीट रचता येत नाहीत. हे आम्ल 13-14 अंशांनाच पातळ होतं. एका बंधाने पन्नासहून अधिक अंशांचा फरक! शेंगदाणा तेल पुण्याच्या थंडीतही वाहतं राहतं, त्यातही मोठा वाटा या ओलेइकचाच. गुरांच्या शरीरातलं एक विकर (एन्झाइम) स्टिअरिकचं ओलेइक करतं आणि वाग्यूच्या चरबीत निम्म्याच्या आसपास ओलेइकच असतं.

मग स्वयंपाकाचे नेहमीचे नियम उलटे होतात. मटणाला लावतो तशी कच्ची पपई इथे नको. तंतूंची वीण चरबीनेच सैल केलेली असते. तेल नको, कडेची चरबी कापून बिडाच्या तव्यावर फिरवली की पुरे. मांस बाहेर काढून ठेवायचं नाही, फ्रिजमधून थेट तव्यावर. त्याआधी कागदाने टिपून कोरडं मात्र करायचं, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या वर सरकत नाही आणि खमंग तपकिरी रंग देणारी मायार अभिक्रिया 140 अंशांच्या आसपास जोर धरते. लुई-कामिय मायारने ती 1912 मध्ये मांडली. मीठ अगदी शेवटच्या क्षणी, नाहीतर ते पाणी बाहेर ओढतं.

दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा असेल तर मोठ्या आचेवर दर अर्ध्या मिनिटाला उलटत राहतो आणि मध्यभाग 55 अंशांवर आला की उतरवतो. 65 च्या पुढे अ‍ॅक्टिन हे प्रथिन आवळायला लागतं आणि तंतू पाणी पिळून टाकतात. माणशी 100 ग्रॅम भरपूर झालं. उत्तम सिरलॉइनमध्ये (कमरेकडच्या मांसात) जवळपास निम्मी चरबीच असते, तिसऱ्या-चौथ्या घासाला जीभ स्वतःच थांबते.

खरं सांगायचं तर स्टेक हा या मांसाचा सर्वोत्तम उपयोग मला वाटत नाही. वाग्यूला एक गोडसर वास असतो, थोडा ओल्या नारळाकडे झुकणारा. तो लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे येतो आणि सुमारे 80 अंशांना सर्वात खुलतो. सुकियाकी किंवा शाबु-शाबु या रसात शिजवायच्या जपानी पदार्थांसाठी कागदासारखे काप करून उकळत्या रसात क्षणभर बुडवतात, ते याच तापमानाच्या आसपास जातात. जपानी आज्यांना हे थर्मामीटरशिवाय ठाऊक होतं.

तव्यात उरलेली चरबी इथे फेकत नाहीत. लसूण टाकून त्यात भात परततात. आमच्याकडे वरून हिरवी मिरचीही पडते.