प्रतिरोपण-अस्वीकार

प्रतिरोपण-अस्वीकार : दुसऱ्याचे ऊतक किंवा अवयव शरीरात बसवल्यावर ग्राहकाची (ज्याला तो बसवला त्याची) प्रतिरक्षा यंत्रणा त्याला परके ठरवून त्याचा जो नाश करू लागते, ती प्रक्रिया. रुग्णालयांत ‘रिजेक्शन’ हाच शब्द रूढ आहे. स्वतःचीच त्वचा किंवा एकबीज जुळ्या भावंडाचा अवयव असल्यास अस्वीकार होत नाही. या नोंदीत मुख्यतः मूत्रपिंडाचा विचार केला आहे. रुग्णांवरील बहुतेक पायाभूत संशोधन त्याच अवयवावर झाले आहे.

अस्वीकार ही प्रतिरक्षेची क्रिया आहे, हे प्रथम कोणी ओळखले याविषयी मतभेद आहेत. बोलोन्याचे शल्यवैद्य तालियाकोत्सी यांनी १५९७ च्या ग्रंथात दुसऱ्याची त्वचा नाकासाठी वापरण्याविरुद्ध मत देताना प्रत्येक व्यक्तीच्या वेगळेपणाचे कारण दिले होते. पण तो निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष होता की निव्वळ तर्क, हे ठरवणे कठीण आहे. सुश्रुतसंहितेतील नासासंधान किंवा पुणे परिसरात झालेली व १७९४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली नाकाची शस्त्रक्रिया यांत रुग्णाची स्वतःचीच त्वचा वापरली जाई. त्यामुळे लोकप्रिय लेखनात त्यांचा उल्लेख वारंवार होत असला, तरी या इतिहासात त्यांना जागा नाही. आलेक्सी कारेल (नोबेल, १९१२) यांनी रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र सिद्ध केले. एका प्राण्याचा अवयव त्याच प्राण्यात टिकतो, दुसऱ्यात टिकत नाही, हेही त्यांनी पाहिले. कारण मात्र त्यांना सांगता आले नाही. जर्मनीत गेओर्ग श्योने यांनी १९१२ च्या सुमारास प्रतिरोपण-प्रतिरक्षेची कल्पना मांडली. एमिल होल्मन यांनी १९२४ मध्ये नोंदवले, की एकाच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावल्यास ती पहिल्यापेक्षा लवकर नष्ट होते.

हेच निरीक्षण टॉमस गिब्सन व पीटर मेडावर यांनी ग्लासगोतील एका भाजलेल्या रुग्णावर पुन्हा केले (१९४३), आणि पुढे मेडावर यांनी सशांवरील प्रयोगांच्या मोठ्या मालिकेने ते पक्के केले. ‘दुसऱ्या खेपेचा’ हा वेगवान नाश म्हणजे शरीराला राहिलेली आठवण होय, आणि आठवण हे प्रतिरक्षेचे लक्षण आहे. होल्मन यांचे प्राधान्य नाकारता येत नाही. पण पुरावा मेडावर यांचा आहे, आणि श्रेय बहुधा त्यांनाच दिले जाते.

दुसरा वाद अधिक दूरगामी ठरला. अवयव मारतात ते रक्तातील प्रतिपिंड (परक्या पदार्थाला चिकटणारी प्रथिने) की पेशी? पीटर गोरर यांनी १९३७ च्या सुमारास उंदरांत अर्बुदाच्या (गाठीच्या) कलमानंतर प्रतिपिंड तयार होतात असे दाखवले होते. उलट, एव्हरियन मिचिसन यांनी १९५३-५४ मध्ये लसीका ग्रंथींतील पेशी दुसऱ्या उंदरात घातल्या, तेव्हा प्रतिरक्षाही त्यांच्याबरोबर गेली; रक्तद्रवाने ती गेली नाही. पेशींचा पक्ष जिंकला, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे औषधे व निदान दोन्ही त्याच बाजूने वाढली. हा निकाल घाईचा होता, असे आज म्हणता येते.

प्रतिपिंडांचे अस्तित्व एका ठिकाणी मात्र दडवता येण्यासारखे नव्हते. काही मूत्रपिंडे रक्तप्रवाह सुरू होताच शस्त्रक्रियेच्या टेबलावरच निळीकाळी पडत. डेन्मार्कमध्ये किसमायर-नील्सन व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये याचा संबंध ग्राहकात आधीपासून असलेल्या प्रतिपिंडांशी जोडला. पटेल व तेरासाकी यांनी १९६९ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी ग्राहकाचा रक्तद्रव आणि दात्याच्या लसीका पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) एकत्र करून पाहण्याच्या चाचणीचे फलित मांडले : चाचणी होकारार्थी (म्हणजे रक्तद्रवाने पेशी मारल्या) असलेल्या ३० पैकी २४ मूत्रपिंडे तत्काळ निकामी झाली होती, नकारार्थी असलेल्या १९५ पैकी केवळ ८. ही ‘क्रॉसमॅच’ चाचणी तेव्हापासून अनिवार्य झाली आणि असा तत्काळ होणारा, ‘अतितीव्र’ अस्वीकार जवळपास नाहीसा झाला.

प्रतिबंधाचा इतिहास औषधांचा आहे. बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रतिरोपण एकबीज जुळ्यांमधील होते, म्हणजे त्यात अस्वीकाराचा प्रश्न टाळला गेला होता, सुटला नव्हता. त्यानंतर सर्वांगावर क्ष-किरणांचा मारा, १९६० च्या दशकात प्रतिरक्षा दाबणारे ॲझाथायोप्रिन आणि थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये त्याला दिलेली स्टेरॉइडांची जोड, असा क्रम आहे. सुरू झालेला अस्वीकार स्टेरॉइडांच्या मोठ्या मात्रेने परतवता येतो, हे स्टार्झल यांनी दाखवले. तीव्र, म्हणजे अचानक उद्भवणाऱ्या, पेशीजन्य अस्वीकारावर पहिला उपाय आजही तोच आहे.

सायक्लोस्पोरिन हे पुढचे औषध नॉर्वेतील हार्डांगरविड्डा पठाराच्या मातीतील बुरशीपासून मिळाले. बाझेल येथील सँडोझ कंपनीत १९७२ च्या आरंभी त्याचा प्रतिरक्षा-दमनाचा गुण आढळला. शोधाचे श्रेय दीर्घकाळ झाँ-फ्रान्स्वा बोरेल यांच्या नावावर राहिले. हार्टमान श्टेहेलिन यांनी पुढे आपला दावा मांडला. गुण उघड करणारी चाचणी श्टेहेलिन यांच्या विभागाने योजली होती आणि नंतरचा बहुतेक प्रतिरक्षाशास्त्रीय अभ्यास बोरेल यांचा, हे लक्षात घेता शोध संयुक्त मानणे योग्य. रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये ते रुग्णांत वापरले. अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस (जपानमधील त्सुकुबा, १९८४) त्याच मार्गाने टी-पेशींना (अस्वीकार घडवणाऱ्या लसीका पेशींना) रोखते. आता सामान्यतः टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट व अल्प स्टेरॉइड अशी तिहेरी योजना असते. तिने पहिल्या वर्षातील निकाल पालटले. दहा-पंधरा वर्षांनंतरचे निकाल त्या प्रमाणात सुधारले नाहीत.

ओळखण्याच्या बाबतीत अडचण मूलभूत आहे. रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढते, तोपर्यंत ऊतकाची हानी झालेली असते. शिवाय ते निर्जलीकरणाने किंवा टॅक्रोलिमसच्याच विषारी परिणामानेही वाढते. म्हणून सुईने तुकडा काढून बायॉप्सी करणे हाच निर्णायक पुरावा मानला जातो. तिच्या वाचनात एकसूत्रता आणण्यासाठी १९९१ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे तज्ज्ञ जमले. त्यांचे वर्गीकरण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून सतत सुधारले जात आहे. नमुन्यात किमान १० केशिकागुच्छ (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ) व २ धमन्या असाव्यात अशी अपेक्षा असते. मूत्रनलिकेच्या एका छेदात शिरलेल्या लसीका पेशी मोजतात : ४ पर्यंत सौम्य, ५ ते १० मध्यम, त्याहून अधिक असल्यास गंभीर. धमनीच्या आतील आवरणाखाली मात्र एक पेशी सापडली तरी नोंद होते. या मोजणीत अनुभवी विकृतिवैज्ञानिकांचेही एकमेकांशी नेहमी जुळत नाही. बीके विषाणूचा संसर्ग सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब अस्वीकारासारखा दिसू शकतो, आणि त्याचा उपचार उलटा, म्हणजे औषधे कमी करण्याचा आहे. त्यामुळे विषाणू दिसावा म्हणून तुकड्याचे स्वतंत्र रंजन (रंग देऊन तपासणी) केले जाते.

प्रतिपिंडांचा पक्ष याच सूक्ष्मदर्शकातून परत आला. प्रतिपिंड केशवाहिनीच्या भिंतीवर पूरक प्रथिने (प्रतिपिंडांना साहाय्य करणारी रक्तातील प्रथिने) कार्यान्वित करून निघून जातो. त्यांपैकी एकाचा सी४डी हा तुकडा मात्र रासायनिक बंधाने तेथेच चिकटून राहतो. फॉइश्ट व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याकडे लक्ष वेधले, आणि पुढील दशकात बॅन्फ वर्गीकरणाने प्रतिपिंडजन्य अस्वीकाराला त्याच्या आधारे स्वतंत्र स्थान दिले. सी४डी नसतानाही असा अस्वीकार होतो, हे नंतर मान्य झाले. उशिरा निकामी होणाऱ्या मूत्रपिंडांचे हे एक प्रमुख कारण समजले जाते आणि त्यावर सर्वमान्य उपचार नाही. फेल्झार्टामॅब या औषधाची २२ रुग्णांवरील चाचणी (२०२४) आशादायक असली, तरी लहान आहे.

बायॉप्सी टाळण्याचे प्रयत्न चालू आहेत. डेनिस लो यांनी १९९८ मध्ये पुरुषाचा अवयव मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवात वाय गुणसूत्राचे अंश शोधले. आज दात्याच्या मुक्त डीएनएचे (अवयवाच्या मेलेल्या पेशींतून रक्तात आलेल्या डीएनएचे) प्रमाण मोजतात. मूत्रपिंडासाठी सुमारे १ टक्का ही मर्यादा प्रचलित आहे. ही चाचणी प्रतिपिंडजन्य इजा बरी पकडते, सौम्य पेशीजन्य अस्वीकार सोडून देते. हृदयासाठी रक्तपेशींतील जनुक-अभिव्यक्तीची चाचणी अमेरिकेत २००८ पासून मान्य आहे.

भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रतिरोपणाचा प्रयत्न झाला. पहिले यश वेल्लोरला १९७१ मध्ये आले. के. ई. एम. मध्येच प्र. कु. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केलेल्या हृदय प्रतिरोपणातील रुग्ण काही तासच जगला, म्हणजे पेशीजन्य अस्वीकाराची वेळच आली नाही. अहमदाबादला ह. ल. त्रिवेदी यांनी दात्याच्या मूलपेशी देऊन सहिष्णुता (औषधांविना अवयव स्वीकारला जाणे) निर्माण करण्याचे प्रदीर्घ प्रयोग केले. ते अन्यत्र फारसे रुजले नाहीत. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बाँबे’ रक्तगट (१९५२) येथे प्रस्तुत आहे. रक्तगटाचे प्रतिजन (प्रतिरक्षा ओळखते ते पेशीवरील रेणू) अवयवांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात. या गटाच्या व्यक्तीच्या रक्तात ओ गटातही असणाऱ्या एच प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंड असल्याने एरवी सर्वांना चालणारा ओ गटाचा अवयवही तिला विसंगत ठरतो.