कॉम्प्युटरचा आवाज गेलाय? ड्रायव्हरला हात लावण्याआधी हे वाचा

"साउंड ड्रायव्हर उडालाय, तेवढा टाकून द्या." आवाज गेला की ग्राहक आम्हाला बहुधा हेच सांगतात. (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कॉम्प्युटरमधला एखादा भाग चालवता यावा म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर.) फोन करण्याआधी घरच्या घरी बरेच उपायही करून झालेले असतात. इंटरनेटवरून काहीतरी उतरवलेले असते, जुना ड्रायव्हर काढून टाकलेला असतो, एखाद्याने तर विंडोजच नव्याने टाकलेले असते. आणि शेवटी कळते की कॉम्प्युटर आवाज व्यवस्थित काढत होता, फक्त स्पीकरऐवजी मॉनिटरकडे पाठवत होता.

म्हणून तुम्ही फोन केलात की आमचा पहिला प्रश्न असतो, "आवाज कुठे जातोय ते पाहिलंत का?" काहींना ही टाळाटाळ वाटते. ती तशी नाही, हे समजावे म्हणून हे पत्रक. सूचना विंडोज 10 आणि 11 साठी आहेत.

आवाज कुठे जातो आहे?

कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर पडायला एकापेक्षा जास्त वाटा असतात: मागच्या हिरव्या सॉकेटमधला स्पीकर, पुढच्या बाजूचा हेडफोन, यूएसबी हेडसेट, ब्लूटूथ, शिवाय एचडीएमआय केबल. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नवा मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज आपण होऊन आवाज तिकडे वळवू शकते, मग त्या मॉनिटरमध्ये स्पीकर असो वा नसो. ब्लूटूथ इअरफोन चालू राहून कपाटात पडलेले असले, तरी आवाज त्यांच्यात जात राहतो.

खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. विंडोज 10 मध्ये आवाजाच्या पट्टीच्या वर उपकरणाचे नाव आणि बाण दिसतो. विंडोज 11 मध्ये पट्टीच्या उजवीकडे चिन्ह असते. तिथे क्लिक केले की सगळ्या वाटांची यादी उघडते. वायरच्या स्पीकरच्या नावात बहुधा 'रिअलटेक' असते. ते निवडा. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

हिरवी पट्टी बघा

तेवढ्याने भागले नाही, तर पुढची गोष्ट जरूर करा. ही तपासणी आम्हीही आमच्या टेबलावर सगळ्यात आधी करतो.

एखादे गाणे लावून ठेवा. सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम'मध्ये जाऊन 'साउंड' उघडा. विंडोज 11 मध्ये तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' आणि विंडोज 10 मध्ये 'साउंड कंट्रोल पॅनल' असे लिहिलेले असते. त्यावर क्लिक केल्यावर 'प्लेबॅक' नावाची यादी उघडेल. प्रत्येक उपकरणाच्या शेजारी एक उभी पट्टी असते. ज्याच्याकडे आवाज जातो आहे, त्याची पट्टी हिरवी होऊन गाण्याबरोबर वरखाली हलते.

आता काय दिसते ते नीट पाहा. तुमच्या स्पीकरसमोरची पट्टी हलत असेल, तर विंडोज आवाज स्पीकरपर्यंत पाठवते आहे. अशा वेळी दोष बहुधा वायरीत, पिनेत, सॉकेटमध्ये किंवा स्पीकरमध्येच असतो. दुसऱ्याच उपकरणाची पट्टी हलत असेल, तर आपल्या स्पीकरवर राइट-क्लिक करून 'सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस' करा. एकही पट्टी हलत नसेल, तर गाणे वाजवणारा प्रोग्रॅमच मुका आहे का ते बघा. ब्राउझरच्या टॅबवर राइट-क्लिक केले की ती साइट म्यूट झाली आहे का ते कळते, आणि व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची आवाजाची पट्टी वेगळी असते. स्पीकर यादीत दिसतच नसेल, तर रिकाम्या जागेत राइट-क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस' निवडा. कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

फोन करताना "कुठली पट्टी हलते" एवढे सांगितलेत, तरी आमचे निम्मे काम होते.

स्पीकर चालू आहे का, हे बघायची जुनी रीत आजही चालते. ॲडॅप्टरवरच्या स्पीकरचा आवाज अगदी कमी ठेवा, त्याची पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि पिनेच्या टोकाला बोट लावा. घुर्रर्र असा आवाज आला, तर स्पीकर आणि वायर बहुधा ठीक आहेत. स्पीकरच्या पुढच्या भोकात हेडफोनची पिन राहिली आहे का तेही बघा. ती असली की स्पीकर गप्प होतो. पिन मागे खोचताना हिरव्या सॉकेटमध्येच खोचा. गुलाबी सॉकेट माइकचे असते, निळे आवाज आत घेण्याचे.

लॅपटॉपमध्ये काहीही खोचलेले नसताना हेडफोन लागल्याचे दिसत असेल, तर जॅकमध्ये धूळ असते किंवा आतला स्विच अडकलेला असतो. हेडफोनची पिन चार-पाच वेळा आतबाहेर करून बघा. सुई किंवा टाचणी कृपा करून घालू नका. आतल्या पातळ पट्ट्या वाकतात, मग साफसफाईने भागणारे काम जॅक बदलण्यावर जाते.

ड्रायव्हरची घाई का नको

ड्रायव्हर कधीच बिघडत नाही असे आमचे म्हणणे नाही. विंडोजच्या अपडेटनंतर आवाज गेला, तर संशय तिकडे जातोच. पण आधी 'रिस्टार्ट' करा. 'शटडाउन' करून पुन्हा चालू करणे म्हणजे रिस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असले, की शटडाउन करताना सिस्टिमची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला राहू शकतो.

आमचा सर्वाधिक वेळ जातो तो 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट' करून देणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरमुळे. साधी दिशा चुकलेली असते, त्यावर हे बसते. मग साउंडबरोबर ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हरही बदलले जातात, सोबत जाहिराती येतात आणि मूळ दोष कुठे होता ते शोधणे अवघड होते. लॅपटॉपच्या साउंड ड्रायव्हरमध्ये कंपनीने त्या मॉडेलपुरत्या जुळवण्या केलेल्या असतात. दुसरा ड्रायव्हर टाकला तर आवाज येतोही, पण बारीक, किंवा हेडफोन लावल्याचे कळतच नाही. ड्रायव्हर हवाच असेल, तर तुमच्या मॉडेलचे नाव घालून कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी) साउंडवर 'अनइन्स्टॉल' करून रिस्टार्ट केले, तर विंडोज बहुधा ड्रायव्हर आपण होऊन परत बसवते. मात्र त्या वेळी ड्रायव्हरच्या फायलीही पुसून टाकायच्या का असे विचारणारी चौकट येते, तिथे टिक करू नका. अपडेटनंतर बिघडले असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर', म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणणे, आधी करून बघा.

आम्ही काय करतो, पैसे कशाचे घेतो

फोनवर सांगून सुटले, तर त्याचे आम्ही काही घेत नाही. मशीन आमच्याकडे आले की मात्र तपासणीचे शुल्क लागते, मग दोष एका क्लिकचा निघाला तरी. हे काहींना खटकते. पण तो क्लिक कुठे करायचा हे ठरवायला आम्ही आमचा स्पीकर लावतो, सगळी सॉकेट बघतो आणि गरज पडली तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) चालू करतो. तिथे आवाज आला, तर यंत्र चांगले आणि गडबड विंडोजमध्ये. तुमच्या फायलींना या तपासणीत हात लागत नाही. आवाजासाठी थेट फॉरमॅट मारणे आम्हाला पटत नाही आणि तुम्ही म्हणालात तरी तपासल्याशिवाय आम्ही ते करत नाही.

लॅपटॉपचा जॅकच गेला असेल, तर बोर्ड उघडण्याआधी यूएसबी साउंड कार्डाचा पर्याय आम्ही आपण होऊन सांगतो. बोटाएवढी वस्तू असते, एका यूएसबी पोर्टमध्ये बसते आणि बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. आमच्याकडे ती ठेवलेली असते. तुमच्याच हेडफोनवर वाजवून बघा, मग घ्या.

येताना स्पीकर, त्याचा ॲडॅप्टर आणि वायर बरोबर आणा. आवाज जाण्याच्या आधी काय नवीन जोडले किंवा टाकले होते, तेही आठवून ठेवा. आणि तुमच्या स्पीकरसमोरची हिरवी पट्टी हलत असेल, तर कॉम्प्युटर उचलून आणू नका. आधी नुसता स्पीकर घेऊन या.