शुक्रवारचा पिचर, जूनमधलं ओमाहा: अमेरिकी कॉलेज बेसबॉलच्या हंगामाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचं वेळापत्रक पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कोड्यासारखं वाटतं. व्यावसायिक संघ जवळजवळ रोज खेळतात, तर कॉलेजचे संघ शुक्रवार, शनिवार, रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने खेळतात आणि मग एखादा मंगळवारी. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो, तेव्हा निम्म्या देशात बर्फ असतो. साखळीचे सामने ५६. हातात लाकडाची नव्हे, धातूची बॅट. शेवट जूनमध्ये, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि ती कारणं वेगवेगळ्या काळातली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी मात्र एकच हिशोब पुन्हा पुन्हा दिसतो: पिचरचा, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याचा, खांदा आणि कोपर किती सोसेल.

सुरुवात १ जुलै १८५९ ची. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड गावी अॅमहर्स्ट आणि विल्यम्स ही दोन कॉलेजं भिडली. हा पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना. अॅमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. आजच्या बेसबॉलशी ताडून पाहिलं तर तो ओळखू येणार नाही: एका बाजूला तेरा खेळाडू, चौकोनी मैदान, आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. दुसऱ्या दिवशी याच दोन कॉलेजांत बुद्धिबळाचा सामना झाला, तोही अॅमहर्स्टनेच जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये नऊ-नऊ खेळाडूंचा सामना झाला. आजचा खेळ त्या नियमांतून वाढला.

पुढची जवळजवळ नव्वद वर्षं कॉलेजांच्या खेळाला राष्ट्रीय अजिंक्यपद नव्हतं. ते १९४७ मध्ये आलं. मिशिगनमधल्या कॅलमझू इथे कॅलिफोर्निया विद्यापीठाने येल विद्यापीठाला हरवलं. येलकडून पहिल्या बेसवर (धाव घेताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर) जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश खेळत होते, पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या वर्षीही येल अंतिम फेरीत पोहोचलं आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून हरलं. १९४९ चं वर्ष कॅन्ससमधल्या विचिटाचं. प्रेक्षक फारसे येत नव्हते आणि स्पर्धेला कायमचं घर नव्हतं. १९५० मध्ये ती ओमाहाला गेली आणि तिथेच राहिली. तिथेही सुरुवातीची अनेक वर्षं तोट्यातच गेली, पण शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी ती सोडली नाही. 'ओमाहाला जायचंय' या वाक्याचा अर्थ आज कुठल्याही कॉलेजच्या खेळाडूला समजावून सांगावा लागत नाही, त्याचं श्रेय त्या चिकाटीला आहे. स्पर्धा २०१० पर्यंत रोझेनब्लाट स्टेडियमवर झाली आणि २०११ पासून शहराच्या मध्यभागातल्या नव्या मैदानावर होते.

आता बॅट. १९७४ पासून कॉलेजांना अॅल्युमिनियमची बॅट वापरायला परवानगी मिळाली. कारण साधं होतं: लाकडी बॅट मोडते आणि मोडलेली बॅट म्हणजे फुकट गेलेला पैसा. धातूची बॅट एकदा घेतली की बराच काळ टिकते. निर्णय बचतीचा होता, पण त्याने खेळच बदलला. लाकडी बॅट भरीव असते. चेंडू तिच्यावर आदळतो तेव्हा चेंडूच दबतो आणि त्या दबण्यात बरीच ऊर्जा वाया जाते. धातूची बॅट पोकळ असते. तिची पातळ भिंत क्षणभर आत जाऊन परत बाहेर येते, त्यामुळे चेंडू कमी दबतो आणि जास्त वेगाने सुटतो. दुसरी गोष्ट वजनाच्या वाटपाची. पोकळ बॅटचं टोक हलकं असतं, म्हणून ती लवकर फिरते आणि बॅटरला चेंडू पाहायला अंमळ जास्त वेळ मिळतो. लाकडी बॅटने हाताजवळ लागलेला चेंडू बॅट मोडून पिचरकडे लडबडत जातो, तर धातूच्या बॅटने तोच चेंडू आतल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून जातो. म्हणजे पिचरचं एक हत्यारच निकामी झालं.

१९९० च्या दशकात हे टोकाला गेलं. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने १९९७ च्या एका हंगामात १८८ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले. १९९८ ची अंतिम लढत सदर्न कॅलिफोर्नियाने अॅरिझोना स्टेटविरुद्ध २१-१४ अशी जिंकली. अजिंक्यपदाच्या सामन्यात ३५ धावा म्हणजे पिचरच्या हाती काही उरलं नव्हतं. त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षेचा होता. चेंडू टाकून झाल्यावर पिचर बॅटरपासून सतरा मीटरच्याही आत येतो, आणि अशा बॅटवरून सुटलेला चेंडू त्याला हात वर करायलाही वेळ देत नाही.

पहिली दुरुस्ती लगेचच झाली. बॅटचा व्यास जास्तीत जास्त पावणेतीन नव्हे, दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच. आणि लांबीचे इंच व वजनाचे औंस यांतला फरक तीनपेक्षा जास्त नाही. म्हणजे ३३ इंची बॅट किमान ३० औंसांची, साधारण ८५० ग्रॅमची. शिवाय सुटणाऱ्या चेंडूच्या वेगावर मर्यादा आली. पण कारखान्यांनी तोवर तंतुमय मिश्र पदार्थांच्या बॅट काढल्या होत्या आणि त्यांचा स्वभाव वेगळा होता. नवी कोरी बॅट चाचणीत उत्तीर्ण होते. शे-दोनशे फटके खाल्ल्यावर तिचे तंतू सैल पडतात, भिंत जास्त लवचीक होते आणि चेंडू आधीपेक्षा लांब जातो. काही खेळाडू ही वाट न पाहता बॅट रोलरमध्ये दाबून मुद्दाम सैल करून घ्यायचे. चाचणी नव्या बॅटची आणि खेळ जुन्या बॅटने, हे त्या नियमातलं भोक होतं.

ते बुजवायला २०११ मध्ये नवा निकष आला. चेंडू किती वेगाने सुटतो एवढंच न पाहता चेंडू आणि बॅट यांच्या टकरीतली उसळी मोजायची आणि ती ०.५० च्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे जवळपास लाकडाइतकी. आता सामन्यांआधी बॅट यंत्रात दाबून तपासली जाते. भिंत ठरलेल्यापेक्षा मऊ लागली तर बॅट बाद, उत्तीर्ण झाली तर तिच्यावर चिकटपट्टी. चिकटपट्टी नसलेली बॅट डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतून, मैदानात येत नाही.

परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा झाला. २०१० मध्ये दर सामन्याला प्रत्येक संघाचा साधारण एक होमरन पडत होता. एका वर्षात हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यात त्याच वर्षी ओमाहाचं मैदान बदललं. नव्या मैदानाचं तोंड आग्नेयेला आहे आणि उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा फटक्याच्या समोरून येतो. २०१४ च्या ओमाहाच्या स्पर्धेत सोळा सामन्यांत मिळून फक्त तीन होमरन झाले. भिंतीपाशी पोहोचेल असं वाटणारा चेंडू वाऱ्यात अडकून क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावायचा. बंट (बॅटने चेंडू हलकेच थोपवणं), चोरलेला बेस (फटक्याविना धावून गाठलेला पुढचा बेस), एकेक धाव रेटत नेणं, हा जुना खेळ परत आला. ज्यांना तो आवडतो त्यांना बरं वाटलं, पण टीव्हीसाठी आणि तिकीट काढून येणाऱ्यांसाठी तो जरा रुक्ष होता.

दुरुस्तीची दुरुस्ती २०१५ मध्ये झाली, आणि यावेळी बॅटला हात न लावता चेंडू बदलला. कॉलेजच्या चेंडूची शिवण ०.०४८ इंच उंच होती, ती ०.०३१ इंचांवर आणली. आकड्यांत फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण उंच शिवणीला हवा अडते. प्रयोगशाळेत तितक्याच जोराने मारलेला कमी शिवणीचा चेंडू जवळपास वीस फूट लांब गेला. दुसरीकडे, पिचरला बोटांखाली पकड कमी मिळू लागली आणि चेंडूला वळण देणं अवघड झालं. त्यानंतर खेळाडूंची ताकद, प्रशिक्षणातली यंत्रं आणि चेंडूचा वेग वाढत गेला तसे होमरनही पुन्हा वाढले. त्यात बॅटचा वाटा आता फार थोडा आहे, हे मान्य करायला हवं.

पिचरचा हिशोब याहून जुना आणि कठीण. सामना सुरू करणारा पिचर त्यात साधारण ऐंशी ते शंभर चेंडू टाकतो. त्यानंतर दंडाला दिवसांची विश्रांती लागते, तासांची नाही. व्यावसायिक संघाकडे असे पाच पिचर असतात आणि दर पाचव्या दिवशी एकाची पाळी येते. कॉलेजात मुलांना आठवडाभर वर्ग असतात, म्हणून सामने शनिवार-रविवारच्या आजूबाजूला येतात आणि प्रत्येक पिचरला सात दिवसांतून एकदाच पाळी मिळते. यातून तीन मोठे पिचर ही रचना घडली. सगळ्यात चांगला शुक्रवारी, दुसरा शनिवारी, तिसरा रविवारी. 'शुक्रवारचा पिचर' ही पदवीच आहे. मंगळवारचा सामना चौथ्याचा, बहुतेकदा पहिल्या वर्षाच्या मुलाचा.

गडबड सुरू होते ती पावसाने. शुक्रवारचा सामना धुऊन गेला की शनिवारी एका दिवसात दोन सामने होतात आणि राखीव पिचर दुपारपर्यंतच संपतात. बाद फेरीत तर हा हिशोब उघडावाघडा समोर येतो. स्पर्धेत ६४ संघ असतात, चार-चारांचे सोळा गट, आणि दोनदा हरलात की बाहेर. शुक्रवारी पहिला सामना हरलेल्या संघाला गट जिंकायचा तर सलग चार सामने जिंकावे लागतात, तेही सोमवारपर्यंत. हरलेल्या सामन्यासकट चार दिवसांत पाच. एवढे ताजे पिचर जवळपास कोणाकडेच नसतात. म्हणून पहिल्या दिवशी सर्वोत्तम पिचर वापरायचा की दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर दुसरा लावून पहिला राखायचा, हा निर्णय प्रशिक्षकाची कारकीर्द ठरवतो. जे राखतात आणि हरतात, त्यांना त्याचं उत्तर वर्षभर द्यावं लागतं.

३० मे २००९ ला टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे टेक्सास आणि बोस्टन कॉलेज यांचा सामना २५ डाव चालला, सात तासांहून अधिक. टेक्सास ३-२ ने जिंकलं. टेक्सासचा राखीव पिचर ऑस्टिन वूड तेरा डाव टाकत राहिला, १६९ चेंडू. आज कुठल्याही संघात असा आकडा दिसला तर प्रशिक्षकाला जाब विचारला जाईल, आणि ते योग्यच आहे. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट तुटला की शस्त्रक्रिया आणि साधारण बारा ते अठरा महिने मैदानाबाहेर. चार वर्षांच्या कॉलेजात याचा अर्थ एक अख्खा हंगाम, कधी दोन. या शस्त्रक्रियेचा पहिला रुग्ण व्यावसायिक पिचर टॉमी जॉन, आणि ती झाली सप्टेंबर १९७४ मध्ये, म्हणजे अॅल्युमिनियमची बॅट आली त्याच वर्षी.

थंडीचा प्रश्न उत्तर आणि दक्षिण यांच्या भांडणाचा. पूर्वी सुरुवातीची एकच तारीख नव्हती. उबदार राज्यांतले संघ जानेवारीच्या अखेरीस खेळायला लागायचे, तेव्हा उत्तरेतली मैदानं गोठलेली असायची. २००८ पासून सर्वांसाठी एकच तारीख आली आणि आता ती फेब्रुवारीच्या मध्यात असते. तरीही मिशिगन, मिनेसोटाकडचे संघ पहिला महिना बसने-विमानाने दक्षिणेत परक्या मैदानांवर काढतात. थंडीत चेंडू गुळगुळीत होतो आणि बॅटच्या मुठीजवळ चेंडू लागला की हाताला झिणझिण्या येतात. बाद फेरीसाठी संघ निवडताना वापरल्या जाणाऱ्या गुणांकनाला यामुळेच २०१३ मध्ये दुरुस्ती करावी लागली: परक्या मैदानावरचा विजय १.३ आणि घरचा ०.७ धरायचा, पराभवांना याच्या उलट. न्याय झाला, पण पूर्ण नाही. मध्य-पश्चिमेच्या बिग टेन परिषदेचं (विद्यापीठांच्या गटाचं) शेवटचं अजिंक्यपद ओहायो स्टेटचं, १९६६ सालचं, आणि २०२५ पर्यंत त्याला जोड मिळालेली नव्हती.

पैशाची बाजू शेवटी येते, पण संघाचा आकार तीच ठरवते. अनेक दशकं एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळत. हा विचित्र दशांश कुठून आला? मूळ आकडा १३ होता, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरसकट दहा टक्के कपात झाली आणि ११.७ उरले. नंतर नियम आला की त्या २७ खेळाडूंपर्यंत वाटायच्या आणि कोणालाही पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी द्यायची नाही. सरासरी काढली तर वाट्याला ४३ टक्के. शुक्रवारच्या पिचरला जास्त, राखीव कॅचरला किमान, बाकीची फी घरच्यांनी भरायची. फुटबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूला पूर्ण शिष्यवृत्ती मिळताना बेसबॉलचा मुलगा कर्ज काढून खेळतो, ही खंत या खेळात खूप जुनी आहे. २०२५ पासून शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडू अशी मर्यादा आली.

यामागे व्यावसायिक संघांची निवड, म्हणजे ड्राफ्ट, सतत उभी असते. १९६५ ला ती सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी पहिली निवड अॅरिझोना स्टेटच्या रिक मंडेची होती. चार वर्षांच्या कॉलेजातला खेळाडू तिसरं वर्ष संपल्यावर किंवा एकवीस पूर्ण झाल्यावर निवडीला पात्र होतो. म्हणून तिसरं वर्ष सगळ्यात महत्त्वाचं. तिथे बोली जमली नाही तर मुलगा 'मी चौथ्या वर्षाला परत जातो' असं म्हणू शकतो, चौथ्या वर्षानंतर हा पर्याय उरत नाही आणि रक्कम झपकन उतरते. आधी ही निवड जूनच्या सुरुवातीला, ऐन बाद फेरीत व्हायची. २०२१ पासून ती जुलैत गेली, त्यामुळे निदान ओमाहात पिचर डोक्यात निवडीचा फोन घेऊन उभा नसतो.

३४ च्या मर्यादेचा फटका कोणाला बसतो, हेही दिसू लागलं आहे. संघात निम्मे किंवा त्याहून जास्त पिचर ठेवावेच लागतात, वर सांगितलेल्या चार दिवस-पाच सामने हिशोबामुळे. मग कपात होते ती अठरा वर्षांच्या, वेग आहे पण ताबा नाही अशा मुलांवर. त्यांची जागा दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या अनुभवी पिचरला जाते. अशी मुलं आता दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांकडे वळतात. तिथे पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं राहायला मिळतं, आणि व्यावसायिक निवडीसाठी तीन वर्षं थांबावंही लागत नाही.